विचारा मावशीला : फौज आली, पण पाईप कुणाच्या हातात?

नोव्हेंबर लागला की इकडे ऑस्ट्रेलियात दोन गोष्टी होतात. जॅकरांडाची जांभळी फुलं फुटपाथवर पडून चिकचिकाट होतो, आणि मला वणव्याची पत्रं यायला लागतात. एरवी तुम्ही मला मुलांचं मराठी, सासूबाईंचा व्हिसा आणि चकलीची भाजणी विचारता. (भाजणी तीनदा सांगून झालीय. आता जुने अंक काढा.) या वेळी मात्र बहुतेक पत्रांत एकच विषय : वणवा पेटला की सरकार आणि लष्कर नेमकं करतं काय? म्हणून हे अख्खं सदर त्यालाच दिलंय.

नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते. न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका कौन्सिलमध्ये मी अठरा वर्षं रस्ते, मोऱ्या आणि लाकडी पूल सांभाळले. २०१९-२० चा उन्हाळा, ज्याला इथं 'काळा उन्हाळा' म्हणतात, तो मी आणीबाणीच्या नियंत्रण कक्षात एका डुगडुगणाऱ्या टेबलापाशी काढला. मी अग्निशामक नाही, बंबावर कधी चढलेले नाही. पण कुठला रस्ता उघडा, कुठला बंद, कुणाला काय हवंय, याच्या चिठ्ठ्या माझ्या हातून गेल्या. तेवढ्याच अधिकारावर बोलतेय.

मुलगा गेल्या वर्षी नोकरीसाठी कॅनबेराला गेला. त्या काळ्या उन्हाळ्याचे व्हिडिओ पाहून माझी झोप उडाली आहे. लोक समुद्राच्या काठाला जाऊन बसले आणि मग नौदलाचं जहाज आलं! आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला पूर आला की लष्कर लगेच हजर होतं. एवढ्या श्रीमंत देशानं पहिल्या दिवसापासून सगळं सैन्याच्या ताब्यात का दिलं नाही?
— एक आई, कोथरूड

ताई, सांगलीपासूनच सुरू करते, माझं माहेरच तिथलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा माझा भाऊ वरच्या मजल्यावर गॅसची टाकी उशाशी घेऊन बसला होता, आणि मी इकडे फोन कानाला लावून. बोट आली, त्यांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेली. तेव्हा मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं की फौज आपणहून येते. तसं नसतं. आपल्याकडेही जिल्हाधिकारी किंवा राज्य सरकार मागणी करतं, तेव्हाच फौज येते, आणि येते ती मुलकी प्रशासनाच्या मदतीला. हुकूम मुलकी माणसाचाच चालतो.

इथंही तेच आहे, उलट जरा जास्तच कडक. वणवा ही राज्याची जबाबदारी. प्रत्येक राज्याचं स्वतःचं अग्निशमन दल. आमच्या न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेत सत्तर हजारांवर लोक आहेत आणि ते जवळजवळ सगळे बिनपगारी : शिक्षक, गवळी, प्लंबर, निवृत्त पोस्टमन. पिवळे कपडे घालून पाईप धरणारी माणसं ती हीच. सैन्यानं पाईप धरायचा नसतो, कारण त्यांना ते शिकवलेलंच नसतं.

'आग विझवण्यात काय शिकायचंय,' असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटायचं. निलगिरीची साल सुटून लोंबत असते. ती पेटली की वाऱ्यावर उडते आणि आगीच्या कित्येक किलोमीटर पुढं जाऊन नवी आग लावते. म्हणजे तुम्ही ज्या आगीकडे तोंड करून उभे, ती तुमच्या पाठीमागं सुरू झालेली असते. त्याहून वाईट आमचा दक्षिणेचा वारा. दिवसभर भट्टीसारखा पश्चिमेचा वारा वाहतो, आग लांब पट्ट्यासारखी पुढं सरकते. संध्याकाळी दक्षिणेकडून गार वारा येतो, लोक 'हुश्श' म्हणतात, आणि तेवढ्यात त्या पट्ट्याची अख्खी कड आगीचं तोंड होऊन बसते. दहा-वीस किलोमीटरची आघाडी एका क्षणात. हे ज्याला हाडात मुरलेलं नाही अशा माणसाच्या हातात बंदूक असो की पाईप, त्याला तिथं उभं करणं हा गुन्हा आहे. त्या उन्हाळ्यात जिंजेलिक गावाजवळ आगीच्या वावटळीनं कित्येक टनांचा बंब उलटा करून टाकला होता, आणि तो अनुभवी माणसांचा बंब होता.

आता 'सैन्य उशिरा का आलं' याकडे येते. ते सप्टेंबरपासूनच थोडंथोडं येत होतं : विमानं, दुसऱ्या राज्यांतून आलेल्या अग्निशामकांना छावणीत जागा, जेवण. हे टीव्हीवर दिसत नाही. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ व्हिक्टोरियातल्या मॅलाकूटाचा. गावात जायला एकच रस्ता, तो आगीमुळं बंद झाला, आणि ३१ डिसेंबरला सुमारे चार हजार माणसं पाण्याच्या काठाला गेली. बहुतेक सुट्टीला आलेले. सकाळी आकाश काळं, मग लाल. आमच्याकडेही त्या दिवशी सकाळी नऊला मी टॉर्च लावून फायली वाचत होते. मग 'चूल्स' नावाचं नौदलाचं जहाज आलं, ३ जानेवारीला सुमारे हजार लोकांना, त्यांच्या कुत्र्यामांजरांसकट, चढवून मेलबर्नजवळच्या वेस्टर्न पोर्टला घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी, ४ जानेवारी २०२० ला, पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी तीन हजारांपर्यंत राखीव सैनिकांना सक्तीनं बोलावण्याची घोषणा केली. असं याआधी कधी झालं नव्हतं. आणि इथंच सरकारी गंमत बघा. आमच्या ग्रामीण अग्निशमन सेवेचे आयुक्त शेन फिट्झसिमन्स यांना ही घोषणा प्रसारमाध्यमांतून कळली. त्यांनी ते स्वतःच पत्रकारांना सांगितलं. घरात लग्न आहे आणि पन्नास पाहुणे येतायत हे घरच्या माणसाला पेपरात वाचून कळावं, तसं झालं. पाहुणे चांगलेच होते हो, पण त्यांना झोपवायचं कुठं, कामाला कुठं लावायचं, हे घरच्यालाच ठरवायचं होतं आणि त्याच दिवशी त्याच्या अंगणात आग होती.

पुढं जोर वाढला तेव्हा साडेसहा हजार सैनिक एकाच वेळी कामावर होते, त्यातले जवळपास तीन हजार राखीव. न्यूझीलंड, फिजी, पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया, जपान, सिंगापूर, सगळीकडून माणसं आणि यंत्रं आली. सिंगापूरनं दोन चिनूक हेलिकॉप्टरं पाठवली. फिजीचे सैनिक संध्याकाळी गाणी म्हणायचे, ते ऐकायला गावं जमायची.

त्यांनी काय केलं, ते मी माझ्या टेबलापासून सांगते.

आमचा पट्टा दुधाचा. वीज गेलेली, मोबाइल गेलेला, रस्त्यांवर जळकी झाडं आडवी. गायी काही वणवा आहे म्हणून दूध द्यायच्या थांबत नाहीत. जनरेटरवर धारा काढायच्या आणि टँकर येत नाही म्हणून ते दूध जमिनीवर ओतायचं, असं चाललं होतं. मी घाईघाईनं मागणीचा कागद भरला : 'डोझर, १ नग.' आयुष्यभर कंत्राटदारांना असंच लिहीत आले होते. दोन दिवसांनी वरच्या एका कार्यालयातून कागद परत. कारण, लष्कराकडे यंत्र मागायचं नसतं, काम मागायचं असतं. मी संतापले. भाषा सुधारायला दोन दिवस? तिकडे दूध मातीत जातंय! (कार्यालयाचं नाव सांगणार नाही. तिथली बाई नंतर माझी मैत्रीण झाली.) मग पुन्हा लिहिलं : 'अमुक फाट्यापासून चौदा किलोमीटर रस्ता, झाडं पडलेली, काही अजून धुमसती, पलीकडे नऊ गोठे, उद्या संध्याकाळपर्यंत दुधाचा टँकर आत जाऊन बाहेर यायला हवा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला एक लेफ्टनंट दारात उभा. तेवीस-चोवीसचा असेल, नाक उन्हानं सोललेलं. मला वाटलं, नकाशा मागेल. त्यानं विचारलं, "वाटेतल्या पुलावरून किती टन जाईल?"

ताई, अठरा वर्षांत हा प्रश्न मला नगरसेवकानं कधी विचारला नव्हता. आम्ही दोघं पुलाशी गेलो. आमचे जुने पूल लाकडी तुळयांचे. वरून काही दिसत नाही, पण आग तुळईच्या आत बसते आणि दिवसेंदिवस पोखरत राहते. मी हातोडीनं ठोकत गेले. पहिली तुळई टणटणीत, दुसरी टणटणीत. तिसरीवर बद्द आवाज, पिकलेल्या फणसावर थाप मारावी तसा. हात लावला तर कोमट. त्यानं काही न बोलता डोझरवाल्याला थांबायची खूण केली. मग त्यांच्या पथकानं शेजारच्या कोरड्या ओढ्यातून दगड टाकून वाट केली, चेनसॉवाले पुढं, डोझर मागं. साडेपाचला टँकर आत गेला.

त्या लेफ्टनंटनं महिनाभरात पाण्याचा एक थेंब आगीवर टाकला नाही. सैन्याचं काम म्हणजे हे : वाट, पाणी, वैरण, कुंपणं, माणसं हलवणं, रात्रीचं जेवण. आगीच्या पुढं नव्हे, आगीच्या मागं.

पुढं शाही चौकशी आयोग बसला. अध्यक्ष होते मार्क बिन्स्किन, सैन्यदलांचे निवृत्त प्रमुख. फौजेचाच माणूस! ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी ऐंशी शिफारशी दिल्या, आणि त्यांतली एक हीच होती की सैन्याकडून काय होऊ शकतं आणि काय नाही हे राज्यांना नीट समजलं पाहिजे. त्याच डिसेंबरात दोन कायदे झाले : राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करायचा एक, राखीव सैनिकांना बोलावणं सुटसुटीत करणारा दुसरा. पण आगीचा हुकूम अजूनही राज्याच्याच अधिकाऱ्याचा.

मुलाला मात्र एक सांगा. कॅनबेरात त्या जानेवारीत आगीपेक्षा धुरानं लोक हैराण झाले होते. घरात दोन-चार चांगले मास्क ठेवू दे, साधे कापडाचे नव्हेत, पी-टू लिहिलेले. आणि त्याचा फोन लागला नाही तर लगेच रडायला बसू नका. टॉवर जळतात. माझ्या आईला पाच दिवस माझा आवाज ऐकू आला नव्हता. ऑगस्टात मी तिला फोन करत होते, डिसेंबरात ती मला.

मावशी, सैनिकांकडे बॉम्ब असतात. मग आगीवर बॉम्ब टाकून ती विझवत का नाहीत? बाबा म्हणतात हा मूर्ख प्रश्न आहे.
— इयत्ता पाचवी, ब्रिस्बेन

बाबांना सांग, हा प्रश्न स्वीडनच्या हवाई दलाला पडला होता. जुलै २०१८ मध्ये तिथल्या एल्व्हदालेन गावाजवळच्या लष्करी सराव मैदानावर वणवा लागला. मैदानात न फुटलेले जुने गोळे पडलेले, म्हणून बंब आत नेता येईना. तेव्हा त्यांनी ग्रिपेन विमानातून खरोखर बॉम्ब टाकला. स्फोटानं जवळपासच्या ज्वाळा विझल्या, तू वाढदिवसाची मेणबत्ती फुंकतोस तशा. पण मेणबत्त्या एकाच केकवर असल्या तरच हे जमतं. आपल्याकडे न्यू साउथ वेल्समधली गॉस्पर्स माउंटनची एकटी आग पाच लाख हेक्टरांवर पसरली होती. एवढ्या मेणबत्त्या फुंकायला बॉम्ब पुरायचे नाहीत. शिवाय स्फोटानं पेटते तुकडे उडाले की नवीन आगी.

नुकतंच नागरिकत्व मिळालं. आर्मी रिझर्व्हमध्ये जायचा विचार आहे. आई म्हणते, 'वणव्यात पाठवतील, आणि इकडे नोकरी जाईल.' मला लोकांसाठी काहीतरी करायचंय, ऑफिसात बसून कंटाळलोय.
— वय २४, पॅरामॅटा

नोकरीची काळजी आईला सोडायला सांग. राखीव सैनिकांच्या नोकरीला संरक्षण देणारा कायदा २००१ पासून आहे, सेवेवर गेलास म्हणून मालक काढू शकत नाही. वणव्यात पाठवतील का, तर हो, पाठवू शकतात. पण कशाला पाठवतील ते ऐक.

कांगारू आयलंड हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं बेट. त्या उन्हाळ्यात ते जवळजवळ निम्मं जळलं. तिथं मेंढ्या फार. राखीव सैनिक पोचले तेव्हा त्यांच्या वाट्याला मोठं काम आलं ते मेलेली जनावरं पुरायचं. उन्हात, माश्यांत, दिवसामागून दिवस. आदल्या आठवड्यापर्यंत ही मुलं-मुली ॲडलेडमध्ये दुकानं, शाळा, ऑफिसं करत होती. शेतकऱ्याला स्वतःच्या हातानं स्वतःचा कळप पुरावा लागू नये, म्हणून ते केलं त्यांनी. शौर्यपदकाचं चित्र डोळ्यांपुढं असेल तर ते जरा बाजूला ठेव. ते चित्र नसेल आणि तरीही जायचं असेल, तर जा, तुझ्यासारखेच हवे असतात.

तुला आगीसमोरच उभं राहायचं असेल तर पत्ता चुकलाय. त्यासाठी सैन्य नको, जवळच्या ग्रामीण अग्निशमन तुकडीचं दार ठोठाव. हिवाळ्यात प्रशिक्षण होतं. पहिले कित्येक महिने पाईप गुंडाळायला लावतील, आणि चहा करायला. (मराठी मुलगा आहेस, चहाच्या जोरावर लवकर वर चढशील.) पगार नाही. २०१९ च्या डिसेंबरअखेर सरकारनं लहान-मध्यम धंद्यातल्या आणि स्वतःचा व्यवसाय असलेल्या स्वयंसेवकांना दहा दिवसांपेक्षा जास्त सेवेसाठी दिवसाला तीनशे डॉलरपर्यंत, एकूण सहा हजारांपर्यंत भरपाई जाहीर केली, ती फार ओरड झाल्यावर.

आणि आईशी खोटं बोलू नकोस. त्या हंगामात आगीनं तेहतीस माणसं गेली, त्यांतली नऊ आग विझवायला गेलेली होती. त्यांतले तिघे कूमाजवळ कोसळलेल्या, आग विझवणाऱ्या विमानातले अमेरिकन. तिला हे ठाऊक असू दे आणि मग तिनं 'जा' म्हणू दे.

लष्कराच्या कौतुकाचे ढोल पुरे झाले. कॅनबेराजवळचं नामाजी राष्ट्रीय उद्यान लष्करानंच जाळलं, हे तुम्ही लिहिणार का? की तुम्हीही सरकारी भाट?
— एक स्पष्टवक्ता, मेलबर्न

लिहिते की. २७ जानेवारी २०२० ला सैन्याचं एक तायपान हेलिकॉप्टर त्या उद्यानातल्या ओरोरल दरीत गेलं होतं, वणवा लागलाच तर अग्निशामकांना उतरायला जागा कुठं आहेत ते शोधायला. थोडा वेळ खाली टेकलं. पोटाखालचा उतरण्याचा दिवा चालू होता, तो इतका तापतो की वाळलेलं गवत पेटलं. बघता बघता आग हाताबाहेर गेली. नामाजी उद्यानाचा सुमारे ऐंशी टक्के भाग जळाला आणि कॅनबेराच्या प्रदेशात आणीबाणी जाहीर झाली.

दिव्याबद्दल मी त्यांना माफ करीन. आमच्याकडे गवत कापायच्या यंत्राच्या पात्यानं दगडावर ठिणगी पाडून लोकांनी डोंगर पेटवलेत. मला खटकतं ते पुढचं : आग नेमकी कुठं लागलीय हे कॅनबेराच्या अग्निशामकांना कळायला सुमारे पाऊण तास गेला. पाऊण तास, साहेब! मी टेबलापाशी बसलेली बाई, मला विचारा पाऊण तास म्हणजे काय. त्या दिवसांत आम्ही पाच मिनिटं उशिरा कळलं म्हणून एकमेकांवर ओरडत होतो. हेच मी वर कोथरूडच्या ताईंना सांगत होते. शूर माणसं, महागडं यंत्र, मनात मदतीचाच हेतू, आणि तरी आगीचं शिक्षण नसेल तर काय होतं ते.

आणि भाटांचं म्हणाल तर, पंतप्रधानांनी सैनिकांच्या मदतीची जाहिरात करणारी फीत स्वतःच्या नावानं फिरवली तेव्हा आमच्या कक्षात कुणीही टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तेच पंतप्रधान डिसेंबरात हवाईला सुट्टीवर गेले होते आणि रेडिओवर म्हणाले होते, 'पाईप काही मी धरत नाही.' खरं होतं हो ते. पण काही खरी वाक्यं बोलायची नसतात. जानेवारीतला भारत दौरा मात्र त्यांनी रद्द केला, तेवढं शहाणपण दाखवलं.

आम्ही बेर्न्सडेलजवळ शेतावर घर घेतलंय. सासू-सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर येताहेत. वणवा आला तर त्यांना सरकारी मदत मिळेल का? आणि लष्कर न्यायला येईपर्यंत घरात थांबणं बरं का?
— एक सून, गिप्सलँड

पैशांचं आधी. केंद्र सरकार तुमचा भाग जाहीर करतं तेव्हा आपत्तीची एकरकमी मदत मिळते : मोठ्या माणसाला हजार डॉलर, मुलाला चारशे. ती इथल्या रहिवाशांना आणि ठरावीक व्हिसावाल्यांना. फिरायला आलेल्या सासू-सासऱ्यांना नाही. त्यांचा प्रवास विमा काढताना आगीमुळं बाहेर पडावं लागलं तर काय, हा एक प्रश्न विचारून घे. निवारा केंद्रात जागा, जेवण, ब्लँकेट मात्र व्हिसा विचारून देत नाहीत. त्या उन्हाळ्यात तुमच्याच बेर्न्सडेलला शीख स्वयंसेवकांची गाडी येऊन गरम डाळभात वाढत होती.

आता दुसरा प्रश्न. नाही. नाही. नाही. लष्कर न्यायला येत नाही. मॅलाकूटाला जहाज आलं ते आग गावावरून गेल्यानंतर दोन-तीन दिवसांनी. ज्या सकाळी आग अंगावर आली त्या सकाळी काठावर लोक होते, अग्निशामक होते आणि नशीब होतं. वाऱ्यानं कूस बदलली म्हणून गाव बरंचसं वाचलं.

सासरे बहुतेक म्हणतील, 'आम्ही गावाकडं किती वणवे पाहिलेत, फांद्यांनी झोडपून विझवलेत.' त्यांना मानानं सांग की ते गवताचे होते. इथं ज्वाळा झाडाच्या शेंड्याच्या वर जाते. जायचं ते आदल्या दिवशी, चहा पिऊन, औषधांची पिशवी आणि पासपोर्ट घेऊन, दिवसाउजेडी. आगीच्या धोक्याच्या अंदाजात 'अतितीव्र' किंवा 'महाविनाशक' शब्द आला की निघायचं, आग लागलेली नसली तरी. गाडीची टाकी भरलेली. घरात तीनशे-चारशे डॉलर रोख, कारण वीज गेली की कार्डाचं यंत्र बंद. आमच्याकडे लोक हजारो डॉलर खात्यात ठेवून पावाच्या एका लादीसाठी उसने मागत होते. रेडिओला बॅटरी.

आणि हे आत्ता, या रविवारी कर : छपराच्या पन्हळीतला पाला काढ. घरं जळतात ती बहुधा ज्वाळेनं नाही, वाऱ्यावर उडून आलेल्या ठिणगीनं. खाली उतरणाऱ्या नळीच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबला की पन्हळ पाण्यानं भरून ठेवता येते. पाला काढायला सासऱ्यांना शिडीवर चढवू नकोस म्हणजे झालं.

मी वनरक्षक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचे डोंगर दरवर्षी जळतात. आम्ही चार माणसं, पालापाचोळा उडवायचे दोन ब्लोअर. उत्तराखंडात हवाई दलानं हेलिकॉप्टरनं पाणी टाकलं, तसं आपल्याकडे मागता येईल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

दादा, तुमचं पत्र मुलानं अंक पाठवल्यामुळं आलं म्हणता, त्याला माझे आशीर्वाद. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालला एमआय-सतरा हेलिकॉप्टरनं भीमतालच्या तळ्यातून बादली भरभरून पाणी टाकलं, ते मीही पाहिलं. ते चीड नावाच्या पाईन झाडांचं जंगल, उतारावर माणूस पोचत नाही, आणि खाली तळं. तुमची आग गवताची. ती इतक्या वेगानं पळते की मागणीचा कागद साताऱ्याहून वर जाऊन परत येईपर्यंत डोंगर काळा झालेला असतो. शिवाय हेलिकॉप्टरचं पाणी आग मंदावतं, विझवत नाही. मागून कुणीतरी चालत जाऊन आगीची कड विझवावीच लागते, आणि ते चालणारे तुम्ही चौघंच.

तेव्हा माझा डोझरचा किस्सा वर आहे तो पुन्हा वाचा. साहेबांकडे 'हेलिकॉप्टर' मागू नका, 'आणखी ब्लोअर'सुद्धा नका मागू. असं लिहा : अमुक वस्तीपासून तमुक कड्यापर्यंत इतके किलोमीटर जाळरेषा (आग अडवायला आधीच साफ केलेला पट्टा), जानेवारीअखेर, इतके मजूर इतके दिवस, झाली नाही तर त्याखाली इतकी घरं आणि इतक्या गंजी. गावातल्या पोरांना हाताशी धरा, ती तुमची ग्रामीण अग्निशमन सेवा. 'जाळलं की गवत जोमानं येतं' म्हणणाऱ्या आजोबांशी भांडू नका, त्यांनाच विचारा की वारा दुपारी किती वाजता फिरतो. त्यांना ते नक्की माहीत असतं.

मला एक कळवा. तुमच्या डोंगरावर पाण्याचा टँकर कुठपर्यंत चढतो, आणि वाटेतली मोरी किती टनांची आहे? कुणाला माहीत नसेल तर हातोडी घेऊन स्वतः जाऊन या आणि मग लिहा. पत्र सरळ माझ्या नावानं टाका, संपादकांकडे अडकायला नको.